मले झाला ना एकदा, मंग सुई कायले?

आजार होऊन गेला की अंगात ताकद येते, हे आजीचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तिला समजावून सांगायचं काम आपलं.

एक काम करा. पेपर बाजूला ठेवू नका, फक्त दुसऱ्या हातात मोबाइल घ्या. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये खाली खाली जा. हॉलतिकिटं, नोट्सच्या पीडीएफ, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका असं सगळं ओलांडलं की एक लसीकरण प्रमाणपत्र सापडेल. बहुतेक ते तुमचं नसेल. आजीचं किंवा आजोबांचं असेल. कारण २०२१ मध्ये घरातल्या म्हाताऱ्या माणसांची नावं ‘कोविन’वर टाकायचं काम आपल्याकडेच होतं. एका नंबरवर चार जणांची नोंदणी व्हायची. ओटीपी आपल्या मोबाइलवर यायचा आणि आधार कार्ड आजोबांच्या बंडीच्या खिशातून निघायचं.

मी परवा माझ्या अकोल्याच्या आजीचं प्रमाणपत्र उघडलं. दोन डोस. दुसरा सप्टेंबर २०२१ चा. त्यानंतर काहीच नाही. आजी तेव्हा ६८ वर्षांची होती, आज ७२ ची आहे.

ते उघडायचं कारण नागीण. आजीच्या शेजारणीला ती झाली आणि आजीचा फोन आला, “काहून वं, नागिणीची बी सुई असते म्हन्ते?” मी हो म्हणायच्या आत तिनेच निकाल दिला, “पन मले तं लहानपणी कांजण्या होऊन गेल्या. मंग मले कायची नागीण होते!”

आजीचं हे लॉजिक मी आधीही ऐकलं होतं. चार वर्षांपूर्वी, कोरोनाच्या वेळी. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. त्याची किंमत आमच्या घरात मोजली गेली, म्हणून हा लेख.

तो फेब्रुवारी

तुम्ही अमरावती-अकोल्याचे असाल तर फेब्रुवारी २०२१ विसरला नसाल. पुण्या-मुंबईचे लोक ‘कोरोना संपला’ म्हणून फिरायला निघाले होते, तेव्हा दुसऱ्या लाटेची पहिली थाप आपल्या दारावर पडली. आधी शनिवार-रविवारची संचारबंदी आली. मग २२ फेब्रुवारीच्या रात्री आठपासून अमरावती शहर आणि अचलपूर आठवडाभरासाठी बंद झालं. अकोल्यातही निर्बंध लागले. अमरावतीचा लॉकडाउन १ मार्चला उठणार होता, तो ८ मार्चपर्यंत वाढला. राजकमल चौक दुपारी बारा वाजता रिकामा बघणं हे आपल्यापैकी अनेकांना आयुष्यभर पुरेल असं दृश्य होतं.

त्या काळात राज्यातून गोळा केलेल्या नमुन्यांत विषाणूच्या काट्यासारख्या प्रथिनावर नवे बदल दिसत होते. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन विशिष्ट बदल एकत्र सापडल्याचं सांगितलं आणि ‘डबल म्युटंट’ हा शब्द घराघरात गेला. त्याच कुळातल्या एका शाखेला ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने नाव दिलं, डेल्टा.

आजीला कोरोना झाला तो याच फेब्रुवारीत. ताप, अंगदुखी, तोंडाला चव नाही. घरातल्या मागच्या खोलीत सतरा दिवस काढून ती बाहेर आली आणि गल्लीत हिरो झाली. अन् नेमकी १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्या सगळ्यांसाठी लस सुरू झाली. म्हणजे बघा, अमरावतीत बाहेर पडायला बंदी आणि त्याच आठवड्यात आजी-आजोबांना सांगायचं की घराबाहेर पडा, लस घ्या.

आजी म्हणाली, “झाला ना मले एकदा. आता त्याचं अन् माह्यं भांडण मिटलं. मंग सुई कायले?”

दर्यापूरकडे राहणारी तिची धाकटी बहीण, माझी मावसआजी, वेगळं बोलली. “मले इतके दिवस झाला नाही, आता काय होते? गर्दीत जाऊन घरी आनू का त्याले?” तिच्यासाठी मी मार्चमध्ये स्लॉट घेतला होता. ती गेली नाही. मी पुन्हा विचारलं नाही. बारावीचं वर्ष होतं, परीक्षा होणार की नाही याच्याच बातम्या मी दिवसभर बघत होते. परीक्षा शेवटी झालीच नाही. मावसआजी एप्रिलच्या शेवटी गेली.

मार्चमधला एक डोस तिला वाचवू शकला असता का? खरं सांगायचं तर छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. लस घेतल्यावर शरीराला तयारीसाठी दोन-तीन आठवडे लागतात आणि डेल्टासमोर एकच डोस दुबळा होता. ब्रिटनमधल्या अभ्यासात कोविशिल्डच्याच सूत्राच्या लशीचा एक डोस डेल्टाच्या लक्षणांपासून जेमतेम ३० टक्के संरक्षण देत होता, दोन डोस ६७ टक्के. पण गंभीर आजार आणि मृत्यू यांचा हिशेब वेगळा असतो. तमिळनाडूच्या पोलिसांवरच्या आयसीएमआरच्या अभ्यासात मृत्यू टाळण्यात एक डोस ८२ टक्के आणि दोन डोस ९५ टक्के परिणामकारक दिसले. पोलीस मात्र मावसआजीपेक्षा तरुण होते. तेव्हा ‘वाचली असती’ असं मी म्हणत नाही. संधी होती, एवढंच म्हणते.

पारावर न येणारी माणसं

आता दोन्ही बहिणींचं म्हणणं शेजारी शेजारी ठेवून बघा. एक म्हणते, मला झाला आणि काही झालं नाही. दुसरी म्हणते, मला होणारच नाही. गावाच्या पारावर, लग्नाच्या पंगतीत, एसटीत आपल्याला पहिलीचंच म्हणणं ऐकू येतं. ‘आपल्याले तं काहीच नाही झालं’ असं सांगायला जी माणसं हजर असतात, ती वाचलेलीच असतात. जी गेली ती पारावर येऊन आपली बाजू मांडत नाहीत. त्यामुळे ‘आजार होऊन गेलेला बरा’ हे मत नेहमी वजनदार वाटतं.

आजारातून प्रतिकारशक्ती येते, हे शंभर टक्के खरं. पण ती मिळवायला आधी आजारातून पार व्हावं लागतं. कोरोनाच्या बाबतीत ती फी वयाप्रमाणे वाढत जाते. आपल्या विशीतल्या माणसाला जी फी किरकोळ, तीच सत्तरीतल्या माणसाला जिवावर बेतणारी. लस म्हणजे तीच शिकवणी, पण जिवाची फी न भरता.

गोवर, धनुर्वात आणि नागीण

मग एकदा आजार झाला की पुन्हा होत नाही, हे आजीला कुठून कळलं? तिच्याच अनुभवातून. आणि तो अनुभव खोटा नाही.

उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली, मग तिथे तब्बल ६५ वर्षं गोवर फिरकला नाही. १८४६ मध्ये पुन्हा आला तेव्हा सुमारे ७,८०० लोकवस्तीतल्या सहा हजारांहून जास्त लोकांना त्याने गाठलं. डेन्मार्क सरकारने पीटर पानम नावाचा पंचविशीतला डॉक्टर तिकडे पाठवला. म्हणजे आपल्याहून तीन-चार वर्षांनी मोठा! तो घरोघर फिरला आणि त्याला दिसलं की १७८१ ला गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नव्हता. शरीराने ६५ वर्षं शत्रूचा चेहरा लक्षात ठेवला होता.

दुसरं उदाहरण तर याहून भारी. १९१८ चा फ्लू आपल्याकडे मुंबईमार्गे आला आणि देशभर पसरला. ती जागतिक साथ लहानपणी बघितलेल्या ९१ ते १०१ वर्षांच्या ३२ अमेरिकन लोकांचं रक्त २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी तपासलं. नव्वद वर्षांनंतरही त्यांच्या शरीरात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं होती. २००९ च्या स्वाइन फ्लूमध्येही असंच काहीसं दिसलं. अमेरिकेत साठीपुढच्या साधारण एकतृतीयांश लोकांच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं आधीच होती, कारण त्याच्या दूरच्या नातेवाइकाशी त्यांची लहानपणी गाठ पडलेली होती.

म्हणजे आजी जिंकली? थांबा.

धनुर्वात घ्या. वावरात काम करताना पायात काटा, खिळा घुसणं आपल्याकडे रोजचंच. धनुर्वात होऊन त्यातून माणूस वाचला, तरी त्याला प्रतिकारशक्ती मिळत नाही. कारण या जंतूचं विष इतक्या थोड्या प्रमाणात जीव घेतं की शरीराची शिकवणी होण्याइतकंही ते नसतं. म्हणून वाचलेल्या रुग्णालाही धनुर्वाताची लस द्यावीच लागते. इथे ‘मले झाला ना एकदा’ याला शून्य मार्क.

आणि नागीण? ती तर आजीच्या लॉजिकच्या पार उलटी. कांजण्यांचा विषाणू आजार बरा झाल्यावर शरीरातून जातच नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो. तारुण्यात प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. पन्नाशी-साठीनंतर पहारा ढिला झाला की तो त्याच मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो, एका बाजूला, पट्ट्यासारखा. म्हणजे नागीण होते ती कांजण्या होऊन गेल्या म्हणूनच. (आणि हो, नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस जातो, हे साफ खोटं. नागिणीचं खरं दुखणं म्हणजे फोड सुकल्यावरही महिनोन्‌महिने राहणारी आग.)

कोरोना यातला कोणता?

मधला. आणि मधला असल्यामुळेच सगळा गोंधळ.

शरीराची फौज दोन थरांत काम करते. पहिला थर रक्तातल्या प्रतिपिंडांचा, म्हणजे दारावरचा चौकीदार. दुसरा थर स्मृतिपेशी आणि टी-पेशींचा, म्हणजे घरात झोपलेली माणसं. चौकीदारांची संख्या काही महिन्यांत कमी होते, घरातली माणसं मात्र राहतात. गोवराचा विषाणू शरीरात पसरून लक्षणं दाखवायला दहा-बारा दिवस घेतो, तेवढ्यात घरातली माणसं उठून काठ्या घेऊन तयार असतात. ओमायक्रॉनला मात्र तीनेक दिवस पुरतात. माणसं उठेपर्यंत चोर ओसरीत आलेला असतो, म्हणून सर्दी-ताप होतोच. पण ती उठली की त्याला आतल्या खोलीत, म्हणजे फुप्फुसात, जाऊ देत नाहीत. त्यात हा चोर दरवेळी कपडे बदलून येतो.

आता आकडे बघा. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून ओमायक्रॉनच्या काळाचा हिशेब मांडला गेला. फक्त कोरोना होऊन गेलेल्यांना वर्षभराने पुन्हा संसर्गापासून मिळणारं संरक्षण उरलं होतं २५ टक्क्यांच्या आसपास. पण गंभीर आजारापासूनचं सुमारे ७५ टक्के टिकून होतं. कोरोनाही झाला आणि लसही घेतली, अशांमध्ये हेच गंभीर आजारापासूनचं संरक्षण ९७ टक्क्यांच्या आसपास होतं. या दुहेरी कवचाला ‘हायब्रिड इम्युनिटी’ म्हणतात.

७५ आणि ९७ मध्ये फरक केवढा, असं वाटतं? उलटं वाचा. शंभरातला २५ चा धोका एकीकडे, तीनचा दुसरीकडे. विशीतल्या माणसाचा मूळ धोकाच इवलासा, त्यामुळे त्याला हा फरक जाणवणार नाही. सत्तरीतल्या मधुमेही आजोबांना जाणवेल. आणि हे आकडे सगळ्या वयांचे एकत्र आहेत, हेही लक्षात ठेवा.

आपल्या देशात हे कवच किती वेगाने तयार झालं, ते आयसीएमआरच्या सिरो सर्वेक्षणांत दिसतं. डिसेंबर २०२०-जानेवारी २०२१ मध्ये दहा वर्षांपुढच्या २४.१ टक्के लोकांत प्रतिपिंडं होती. दुसऱ्या लाटेनंतर, जून-जुलै २०२१ मध्ये सहा वर्षांपुढच्या लोकांत हा आकडा ६७.६ टक्के झाला. साठीपुढच्यांत तर ७६.७ टक्के. लस न घेतलेल्यांपैकीही ६२.३ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, दोन डोस घेतलेल्यांत ८९.८ टक्के. हे ६२.३ टक्के आले कुठून, ते ज्यांनी एप्रिल २०२१ बघितला त्यांना सांगायला नको.

हाँगकाँगने नेमकं उलटं करून दाखवलं. तिथे दोन वर्षं कोरोना जवळपास बाहेरच रोखला होता, त्यामुळे ‘होऊन गेलेले’ लोक फार नव्हते. आणि २०२२ च्या सुरुवातीला ऐंशीपुढच्या निम्म्याहून अधिक लोकांनी लसही घेतलेली नव्हती. ओमायक्रॉन आत शिरला. ६ जानेवारी ते २१ मार्च २०२२ या काळात तिथे ५,९०६ लोक गेले. त्यातले ९६ टक्के साठीपुढचे, आणि त्यांच्यातले ७० टक्के एकही डोस न घेतलेले. ज्याला आपण ‘सौम्य’ म्हणत होतो, तोच हा ओमायक्रॉन.

म्हातारपणी शिकवणी जड जाते

इथे एक प्रश्न तुम्ही विचारायला हवा. लस एवढी चांगली, तर म्हाताऱ्यांना पुन्हा पुन्हा का द्यावी लागते?

कारण छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. टी-पेशींची शाळाच म्हणा. ती वयात आल्यापासूनच आक्रसायला लागते. साठी-सत्तरीपर्यंत तिथून नव्या बॅचेस जवळपास बंद होतात. जुन्या ओळखीच्या शत्रूंसाठी जुने शिपाई असतात, पण अगदी नव्या शत्रूशी लढायला कोऱ्या पाटीचे शिपाई कमी पडतात. म्हणून २०२० चा कोरोना म्हाताऱ्यांना एवढा भोवला. म्हणूनच लशीनंतर त्यांच्यात प्रतिपिंडं तरुणांपेक्षा कमी तयार होतात आणि लवकर ओसरतात.

यावर उपाय आहेत. एक, डोस पुन्हा देणं. दोन, जास्त ताकदीचा डोस. काही देशांत ६५ च्या पुढच्यांना फ्लूची लस जास्त मात्रेची देतात. तीन, लशीसोबत प्रतिकारशक्तीला हलवून जागं करणारा घटक घालणं. नागिणीच्या नव्या लशीत असा एक घटक चिलीमधल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. ती साल पाण्यात घातली की आपल्या रिठ्यासारखा फेस येतो. चाचण्यांमध्ये ही लस पन्नाशीपुढच्यांत सुमारे ९७ टक्के आणि सत्तरीपुढच्यांतही ९० टक्क्यांच्या आसपास परिणामकारक ठरली. म्हणजे म्हातारं शरीर शिकत नाही असं नाही. त्याला शिकवायची पद्धत वेगळी लागते.

यादीत नसलेली माणसं

आपल्या सरकारी लसीकरण कार्यक्रमाचा रोख मुख्यतः लहान मुलं आणि गरोदर माता यांच्यावर आहे. आपल्या लसी चुकू नयेत म्हणून आशाताई दारात यायच्या. आजीच्या लशीसाठी कुणी दारात येत नाही. १६ मार्च २०२२ पासून साठीपुढच्या सगळ्यांना कोरोनाची तिसरी मात्रा, म्हणजे ‘प्रिकॉशन डोस’, खुली झाली. त्याचा मेसेज माझ्याच मोबाइलवर आला होता. मी तो स्वाइप करून टाकला, कारण तोपर्यंत सगळ्यांनाच कोरोनाचा कंटाळा आला होता.

या वेळी मी आजीला कांजण्या, धनुर्वात, चौकीदार आणि चोर हे सगळं फोनवर सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “मंजे माह्यावाला चौकीदार बी माह्यासारखाच म्हातारा झाला म्हन.” मला एवढं सोपं लिहिता आलं नसतं. पुढच्या आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे जातोय. नागिणीची लस खासगीत मिळते आणि महाग आहे, त्यामुळे बाबांचा चेहरा थोडा पडलाय. ते बघू.

दर्यापूरच्या घरी मावसआजीचा फोटो भिंतीवर आहे. तिच्या नावाचा स्लॉट बुक झाल्याचा मेसेज अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. तुमच्या मोबाइलमध्ये ज्या माणसाचं प्रमाणपत्र सापडेल, ते घरात असेल तर आज जेवताना त्याच्याशी पाच मिनिटं बोला.

आजी-आजोबांसोबत डॉक्टरांना हे विचारा

• फ्लू : विषाणू बदलतो, म्हणून लसही दरवर्षी. दमा, मधुमेह, हृदयविकार असेल तर आधी विचारा. पावसाळ्याच्या तोंडावर विचारलेलं बरं.
• न्यूमोनिया : न्यूमोकोकल लस कोणती आणि किती डोस?
• नागीण : पन्नाशीपुढच्यांसाठी, दोन डोस. कांजण्या होऊन गेल्या असतील तरीही.
• धनुर्वात : शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवतंय का? शेतात जाणाऱ्यांनी हा प्रश्न टाळू नये.
• कोरोना : शेवटचा डोस कधी, त्यानंतर कोरोना झाला का, ही माहिती सोबत न्या. पुढचा डोस हवा की नको हे त्यावर आणि इतर आजारांवर ठरेल.
• जुनी प्रमाणपत्रं, चालू गोळ्या आणि ॲलर्जीची माहिती एका कागदावर लिहून ठेवा. आजी विसरते, मोबाइल हरवतो, कागद देवघरात टिकतो.